एका अंशाला बासष्ट वॉट

"आकडे नकोत मला. कॉइल लाल दिसली पाहिजे, बास. लाल होत नाही म्हणजे तार जास्त झालीये. तोड हातभर."

तोइचुबेक बाइके असं म्हणाले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि पक्कड त्यांच्या हातात होती. पक्कड माझी. मला पहिला राग त्याचाच आला.

"तोडायची नाही," मी म्हटलं. "कॉइल चोवीस ओहमची आहे. बरोबर आहे ती."

"ओहम. कुठंयत ओहम? दाखव बरं मला एक."

"दिसत नाहीत ते. भागाकार करावा लागतो. एकशे चाळीस व्होल्ट येतायत, पाच पॉइंट आठ अँपिअर जातायत. भागा. चोवीस येतात."

"नववीत शाळा सोडली आणि माझ्यापुढे भागाकार करतोय," ते आपाला म्हणाले, म्हणजे माझ्या आईला. "मी पस्तीस वर्षं खांबावर चढलो. एकदाही भागाकार केला नाही."

"म्हणून दोन बोटं गेली तुमची."

"ती थंडीने गेली, गाढवा."

"कुबात," आपा म्हणाली. एवढंच. भांडणात ती नुसतं माझं नाव घेते आणि गप्प बसते. पुढचं सगळं मला आपोआप ऐकू येतं.

भांडण बोकडावरून होतं. आमच्याकडे त्या शेगडीला बोकडच म्हणतात, का ते मला माहीत नाही. लोखंडाच्या चार पायांवर सिमेंटचा पाइप आडवा, त्यावर नायक्रोमच्या तारेची कॉइल गुंडाळलेली, तारेची दोन टोकं प्लगला. झालं. दुकानातली शेगडी एका हिवाळ्यात मरते, बोकड दहा वर्षं चालतो. गावातल्या प्रत्येक घरात एक तरी आहे आणि त्यातले निम्मे मी गुंडाळलेत. तोइचुबेक बाइके माझ्या वडिलांचे चुलतभाऊ; बाइके म्हणजे आमच्याकडे काकाच. वडील गेल्यापासून आमच्या घरातलं काहीही बिघडलं की ते न बोलावता येतात. ते पूर्वी वायरमन होते. आता नाहीत, पण हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

खरा प्रश्न खोलीचा होता. बुरुलचा जेनेच्या खोलीचा. जेने म्हणजे माझी वहिनी, इल्गिझची बायको. इल्गिझ रशियात बांधकामावर आहे, सप्टेंबरशिवाय येत नाही. जेनेला सातव्याच महिन्यात मुलगी झाली आणि तेव्हापासून दोघी जिल्ह्याच्या दवाखान्यात आहेत. आज चाळीस दिवस झाले, आज सोडणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खोली चोवीस अंशांवर हवी आणि धूर बिलकूल नको. यंदाचा कोळसा म्हणजे निम्मी माती. चूल पेटवली की आम्ही तिघं आळीपाळीने खोकतो, तिसरी गाय. म्हणजे विजेशिवाय इलाज नाही.

आणि जेनेचे वडील. ते गुरांचे डॉक्टर आहेत, शब्द इंजेक्शनसारखे मोजून देतात. काल फोनवर आपाला म्हणाले, "तीनला दवाखान्यात पोचतो. तुमच्या खोलीत चोवीस असेल तर तुमच्याकडे सोडतो. नसेल तर दोघींना माझ्या घरी नेतो, आणि मग नवरा स्वतः न्यायला येईल तेव्हाच पाठवीन." नवरा न्यायला येणार सप्टेंबरात. आला तर. गेल्या दोन महिन्यांत इल्गिझने तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा घाईत होता. तिकडे गेलेली जेने परत येईल की नाही, हे आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. आपाने मात्र चाळिसाव्या दिवसाच्या अंघोळीची तयारी करून ठेवलीये. चाळीस चमचे पाणी घालायचं असतं, म्हणून लाकडी चमचा घासून ठेवलाय. चाळीस घरांतून चिंध्या मागून सदरा शिवायचा असतो. गुडघे दुखत असताना ती बर्फातून चाळीस घरं फिरली. चाळीस घरं आमच्या गावात कशीबशी भरतात. तो सदरा दोन आठवडे बिछान्यावर घडी घालून पडलाय, माझ्या तळहाताएवढा.

माझं म्हणाल तर या घरात भांडण सोडून माझ्याशी दुसरं काही बोलणारी जेने एकटीच आहे. ती मला नावाने हाक मारत नाही. सासरच्या माणसांची नावं घ्यायची नसतात. मला ती ठिणगी म्हणते.

तर सकाळी आठला खोलीत तेरा अंश होते. बाहेर उणे एकोणीस.

मी काय केलं ते सांगतो. एकशे चाळीस गुणिले पाच पॉइंट आठ. आठशे बारा वॉट. बोकड गुंडाळलाय दोन हजार वॉटसाठी, पण ते दोनशेवीस व्होल्ट आले तर. एकशे चाळिसात तो निम्मासुद्धा काम करत नाही. आता, शेजारची बंद खोली शून्यावर आहे. तिथल्या बाटलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरतो. म्हणजे तेराच्या तेरा अंश बोकडाचे. आठशे बाराला तेराने भागलं, बासष्ट आणि वर अर्धा. एका अंशाला साडेबासष्ट वॉट. चोवीस अंश हवे तर दीड हजार वॉट हवेत. एवढं सोपं आहे. शाळेत हे असं कुणी सांगितलं असतं तर मी कदाचित राहिलो असतो. तिथे नुसतं सूत्र फळ्यावर लिहायचे आणि पुसायचे.

"दीड हजार पाहिजेत ना," बाइके म्हणाले, "मग तोड तार. तार कमी, ओहम का काय ते कमी, आग जास्त. हे तर मलाही कळतं."

"आणि दुपारी लाइन परत आली तर? तिकडून दोनशेवीस सोडले तर? तोडलेल्या कॉइलमधून चौदा अँपिअर जातील. भिंतीतली वायर तुम्हीच टाकलेली, अॅल्युमिनियमची, माझ्या जन्माआधीची. फ्यूजच्या जागी खिळा आहे. तो पण तुमचाच."

"चांगला खिळा आहे."

"खोलीत सव्वादोन किलोचं पोर असणार आहे, बाइके."

"माझ्या घरी मी दर हिवाळ्यात तोडतो. काही होत नाही."

त्यांच्या घरी काही होत नाही, कारण त्यांचं घर डीपीला लागून आहे. पहिला खांब. आमचं अकरावं आणि शेवटचं. त्यांच्याकडे एकशे नव्वद असतात तेव्हा आमच्याकडे एकशे चाळीस पोचतात. मधली नऊ घरं वाटेत आपापला घास घेतात, आणि तारही थोडी खाते. पहिल्या खांबावरच्या माणसाला वाटतं शेवटच्या खांबावरचा आळशी आहे. हे सगळं मी त्यांना सांगितलं. शेवटचं वाक्य जरा मोठ्याने सांगितलं. मग गाय हंबरायला लागली म्हणून गवत टाकायला गेलो, आणि गोठ्याचं पाणी गोठलेलं, ते फोडण्यात अर्धा तास गेला.

परत आलो तर बोकड लाल. बाइके त्याच्यासमोर उकिडवे बसलेले, कापलेला तुकडा गळ्यात माळेसारखा अडकवलेला. आपाने दोन्ही तळहात पुढे धरलेले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"बघ," बाइके म्हणाले. "भागाकार न करता."

मी बादली आपटली. मीटरच आपटणार होतो, पण ते इल्गिझने पाठवलेलं एकमेव काहीतरी आहे. बादलीतलं पाणी जमिनीवर सांडलं आणि तेही पुसायला आपाच उठली. तिचं उठणं मी पाहिलं. एक हात गुडघ्यावर, एक हात भिंतीवर, मधे एकदा थांबून. मग मीच पुसलं.

मीटर लावलं. आता आठ पॉइंट चार अँपिअर, पण व्होल्ट खाली आलेले, एकशे चौतीस. आम्ही जास्त ओढलं की आमच्याच तारेत जास्त गळतं. सोळा ओहम. अकराशे पंचवीस वॉट. वाढले होते, खोटं कशाला बोलू. थर्मामीटर चौदावर आला, पंधरावर आला.

तेवढ्यात दार ढकलून कालबुबू एजे आत आल्या. एजे म्हणजे थोरली ताई. शेजारच्या घरातल्या, दहाव्या खांबाच्या. साठीच्या पुढच्या, एकट्या. पाव भाजतात आणि गावात देतात. त्यांच्या कोपरापर्यंत पीठ होतं.

"तुम्ही काय केलंत?" त्या म्हणाल्या. "माझा बल्ब बघा जाऊन. मेणबत्ती बरी."

"काही नाही केलं, एजे. तार तोडली हातभर," बाइके म्हणाले.

"असं होय? मग मीही तोडते."

"तोडू नका," मी म्हटलं. "तुम्ही तोडलीत की आमचे व्होल्ट आणखी पडतील, मग हे परत तोडतील, मग तुमचे पडतील. मग नववं घर तोडेल. असं करत करत डीपी जळेल आणि सगळी गल्ली मार्चपर्यंत अंधारात."

"मग तुम्ही जोडा परत."

"बाळ यायचंय, कालबुबू," आपा म्हणाली.

"माझं पीठ फुगत नाहीये, त्याचं काय? पहाटेपासून घंगाळात मेल्यासारखं पडलंय. मी काय माझ्या पिठाला सांगू, थांब, बुरुलचाचं बाळ यायचंय?"

"सांगा ना. आमच्या गाईलापण सांगा, तिलाही भूक कमी लागेल," मी म्हटलं. हे कुणालाच आवडलं नाही.

"तुझ्या तोंडाला फ्यूज बसव आधी," एजे म्हणाल्या आणि गेल्या. पाच मिनिटांनी आमचा बोकड लालचा तांबूस झाला. त्यांनी तोडली होती.

एकशे अठ्ठावीस व्होल्ट. आठ अँपिअर. एक हजार चोवीस वॉट. भागिले साडेबासष्ट, सोळा अंश. मी थर्मामीटरकडे न बघता आधी सांगितलं, सोळावर थांबेल. अर्ध्या तासाने बघितलं तर सोळावर थांबला होता. बरोबर आलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिसरा हिस्सा तार कापली, आग पावपट वाढली, आणि एक शेजार तुटला. साडेदहा वाजले होते.

बाइके खिशात हात घालून बोकडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अजून हातभर—"

"नाही."

या वेळी ते भांडले नाहीत. म्हातारा झालेला माणूस पक्कड खाली ठेवतो तेव्हा आवाज होत नाही. त्यांनी ती कोपऱ्यात नीट ठेवली, गळ्यातला तारेचा तुकडा काढून तिच्यावर ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. या हिवाळ्याला चार महिने झाले. सगळ्यांचेच चेहरे ओले सरपण पेटवत बसल्यासारखे झालेत. कुणालाच आता जिंकायचं नाहीये.

आपा बिछान्याच्या कडेवर बसली होती, तो चिंध्यांचा सदरा मांडीवर घेऊन. ती आमच्याशी नाही, सदऱ्याशीच बोलल्यासारखी बोलली. "माझ्या आजीचा धाकटा भाऊ सातव्यातच जन्मला होता म्हणे. तेव्हा कुठली वीज. कोल्ह्याच्या कातड्याच्या टोपीत घातला आणि टोपी तंबूच्या जाळीला टांगली. रोज पुढच्या खुंटीला. दिवस भरेपर्यंत. जगला. ऐंशीचा होऊन मेला, तोंडाळ होता."

"टोपी चोवीस अंश होती का ते नसेल सांगितलं कुणी," बाइके म्हणाले.

मी काहीतरी खवचट बोलायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कारण एका अंशाला साडेबासष्ट वॉट लागतात ते कशाला? या खोलीला. चार पावलं बाय पाच पावलं, दोन खिडक्या, एक बाहेरची भिंत जिच्यावर आतून दहिवर धरतं. बासष्ट हा आकडा बोकडाचा नाहीच. तो भिंतींचा आहे. मी सकाळपासून भागाकारातल्या वरच्या आकड्याशी, वॉटशी, मारामारी करत होतो. वरचा आकडा माझ्या हातात नव्हता, डीपीच्या हातात होता. खालचा माझ्या हातात होता.

मी कुणाला काही न सांगता कोठारात गेलो. उन्हाळ्यात वरच्या कुरणात नेतो तो तंबू तिथे बांधून ठेवलेला असतो. लाकडी जाळी, आणि लोकर कुटून केलेले बोटभर जाडीचे बुरणूस. चार बुरणूस ओढत आणले. तिसऱ्याला बाइके उठून आले आणि काही न विचारता दुसरं टोक धरलं.

"काय करतोयस?"

"टोपी."

जाळीचे दोन तुकडे खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, बाहेरच्या भिंतीपासून लांब, अर्धगोल उभे केले. वर दोन दांडे. दांड्यांवर एक बुरणूस, बाजूंनी दोन, खाली एक. बाइकेंना दोर बांधता येतात, ते मान्य. आठ बोटांनी ते माझ्या दहांपेक्षा लवकर गाठ मारतात. खोलीत खोली झाली, दोन पावलं बाय अडीच पावलं, मेंढ्यांचा वास येणारी. बोकड तोंडाशी ठेवला. त्याच्या मागे आणि बाजूला छपराचा जुना पत्रा उभा केला, म्हणजे बुरणुसाला झळ लागणार नाही, आणि पुढे लोखंडी जाळी. तरी त्याला एकटा सोडायचा नाही, हे ठरलं. कुणीतरी सतत बसायचं.

मग मी कापलेला तुकडा उचलला. बाइकेंनी पाहिलं.

"परत जोडणार?"

"जोडणार. पितळी नटबोल्टने. सोळा ओहम राहिले आणि मागून दोनशेवीस आले तर खिळा नाही, वायर वितळेल. चोवीस असले तर नऊ अँपिअर जातात. तेवढे ती झेलते."

"आग कमी होईल."

"होईल. सातशे सदतीस वॉट."

"आधीच कसं सांगतोस?"

"एकशे तेहतीस व्होल्ट राहतील असं धरलंय. कालबुबू एजेंची तार तोडलेली आहे ना."

जोडली. एकशे तेहतीसच राहिले. बाइकेंनी मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग नाक शिंकरलं. म्हणाले, "योगायोग." पण त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता.

बारा वाजता बुरणुसाच्या आत वीस. साडेबाराला साडेएकवीस, आणि तिथे थांबलं. मी बोटांवर भागलं. एका अंशाला चौतीस वॉट. बासष्टवरून चौतीस. निम्म्याच्या जवळ आलो होतो आणि तरी अडीच अंश कमी. आणखी बुरणूस नव्हते. बाकीचे दोन इल्गिझने जाताना विकले. आपाने आपलं पांघरूण आणून वर टाकलं. पाव अंश. मी माझा कोट टाकला. काही नाही.

"साडेएकवीस म्हणजे उबदारच की," बाइके म्हणाले. ते आत येऊन बसले होते.

"त्यांना चोवीस हवेत."

"गुरांचा डॉक्टर. वासराला अठरा पुरतात."

"त्यांना सांगा हे."

"मी नाही सांगत," ते म्हणाले, भिंतीला टेकले, आणि मधेच झोपले. तोंड उघडं, पावलं बोकडाकडे. मला वाटतं डिसेंबरपासून ते नीट झोपलेच नव्हते. त्यांच्या घरी बोकड लाल असतो, पण बायको दोन वर्षांपूर्वी गेली आणि खोल्या चार आहेत.

मी तेव्हापासून इथे बसलोय, बोकड राखत. हातात काहीतरी हवं म्हणून भौतिकशास्त्राची जुनी वही काढली आणि मागच्या पानांवर हे लिहायला घेतलं. पुढच्या पानांवर दुसऱ्याच्या अक्षरात सूत्रं आहेत. वही माझी नाही, परत द्यायची राहिली.

एक वाजता कालबुबू एजे परत आल्या. मला वाटलं भांडायला. हातात घंगाळ, वर फडकं.

"तुमच्याकडे तंबू लावलाय म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"बाइकेंचं घोरणं माझ्या घरात येतंय." त्यांनी बुरणूस उचलून डोकं आत घातलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. बाहेर राहिलेल्या पाठीवर त्यांचा स्वेटर दोन ठिकाणी विरलेला. "अगं बाई," त्या आतून म्हणाल्या, हळू. "माझी बोटं दुखायची थांबली."

"दार लावा, ऊब जाते," मी म्हटलं. मग आपाने माझं नाव घ्यायच्या आत म्हटलं, "म्हणजे आत येऊन लावा."

त्या आत आल्या. घंगाळ बोकडापासून हातभर लांब ठेवलं, शाल काढली, बाइकेंचे पाय ढकलून जागा केली. आपा चहा घेऊन आली, तीही आत. चार माणसं आणि एक घंगाळ. गुडघ्याला गुडघा.

"एजे," मी विचारलं, "तुमचा बोकड चालू आहे का तिकडे?"

"असू दे की, खोली गरम राहते."

"खोलीत कोण आहे?"

चहा प्यायल्या. मग उठल्या, शाल घेतली, गेल्या, आणि दोन मिनिटांनी परत आल्या. "बंद केला. पण पीठ फुगेपर्यंतच. हे लिहून ठेव तुझ्या वहीत."

लिहून ठेवलं.

मीटरवर एकशे एकोणचाळीस. पाच पॉइंट आठ अँपिअर. आठशे सहा वॉट. भागिले चौतीस. मी थर्मामीटरकडे पाहायला घाबरत होतो, आधी भागाकार करून बसलो. पावणेचोवीस. आणि त्यावर चार माणसं. बसलेला माणूस शंभरेक वॉट सोडतो म्हणे, म्हणजे एजे धरून चार छोटे बोकड. अर्ध्या तासाने थर्मामीटर चोवीसच्याही पुढे गेला, पीठ फडक्याला टेकलं, आणि आपाने डोक्यावरचा रुमाल सैल केला. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.

पण मला कळत होतं. ही चार माणसं कायमची इथे बसणार नाहीत. पीठ फुगलं की एजे जातील, बोकड लावतील, आणि आपण पुन्हा बावीसच्या आत. जेनेच्या वडिलांना मी चोवीस सांगितलं तर ते खोटं नाही, खरंही नाही. मी एजेंना विचारलं, पीठ रोज इथेच ठेवलंत तर? त्या म्हणाल्या, "बाळाच्या खोलीत?" आपा म्हणाली, "पिठाचा वास चांगला." एजे म्हणाल्या, "बघू." आमच्या गल्लीत बघू म्हणजे हो नाही आणि नाही नाही.

दीडच्या पुढे जेनेचा फोन आला. मागे दुसरीच कुठलीतरी मुलं रडत होती.

"ठिणगी. किती झालं?"

"चोवीस."

"खरं?"

मी घंगाळाकडे पाहिलं. "चार माणसांसकट. आणि एका घंगाळासकट. माणसं उठली तर साडेएकवीस."

तिकडून नुसतं मुलांचं रडणं ऐकू आलं. मला वाटलं मी घालवलं सगळं. आपा माझ्याकडे बघत होती, सदऱ्याची घडी हातात.

"कोण कोण माणसं?" जेनेने विचारलं.

मी सांगितलं. बाइके झोपलेत, हेही. बुरणुसांचं, जाळीचं, टोपीचं सांगितलं. तार तोडली होती आणि परत जोडली, तेही सांगितलं, कारण ती विचारतेच.

"कोपरा कुठला? आतला ना? खिडकीकडचा नाही ना?"

"आतला. मी काय मूर्ख आहे?"

"बोकड किती लांब?"

"दीड पाऊल. पत्रा आहे मधे."

"दोन कर," ती म्हणाली. तिचा आवाज असा होता की चाळीस दिवस कुणीतरी तिला खुर्चीत बसून झोपायला लावलंय. "इथे वॉर्डात वीस आहे, ठिणगी. मी रोज बघते, दाराशी लावलंय. कुणी बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही. मी तिला दिवसभर कपड्यांच्या आत पोटाशी धरून बसते. चोवीस वडिलांना हवेत, कारण इल्गिझला बोलायचं ते त्यांना तुम्हाला बोलायचंय." मग बाळाशी काहीतरी पुटपुटली. "ते तीनला येतील. आले की मला त्यांच्यासमोर नाही म्हणता येणार नाही. कधीच आलं नाही. तू त्यांच्या आधी पोच. घरी नेतोय असं कागदावर लिहून त्यावर आपाची सही लागते, ती आण. आणि टोपी असेल तर टोपी आण, कुठलीही, लोकरीची."

"आत्ता निघू?"

"मग कधी, ठिणगी?"

बाइकेंना उठवलं. उठले, पण इथे थांबा म्हटल्यावर परत झोपले. त्यामुळे आपाच बसणार आहे बोकडाजवळ. तिला व्होल्ट वाचता येत नाहीत. तिला एवढंच सांगितलं: बाहेरचा बल्ब पिवळ्याचा पांढरा झाला की लाइन आली, लगेच प्लग काढ, मग मला फोन कर. तिने दोनदा म्हणून दाखवलं. सही केली, हाताला पीठ होतं, कागदावर लागलं. कालबुबू एजे म्हणतायत त्या चारपर्यंत थांबतील. आपली टोपी काढून त्यांनी माझ्या हातात दिली, आतून अजून गरम आहे.

दूधगाडीवाला खाली जातोय, तो दवाखान्याच्या वळणापर्यंत सोडेल. दोन वाजायला आलेत, त्याने हॉर्न दिलाय. मला आता जायला हवं.